राणीच्या काळातला कप आणि पाचवी माळ

जॉन्सनव्हिलच्या फुटबॉल इतिहासातल्या एका अत्यंत गंभीर घटनेची नोंद करणं माझं कर्तव्य आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून आमच्या हौशी क्लबांचा चांदीचा कप अंतिम सामन्याला हजर राहिला नाही, असं एकदाच घडलं. ते माझ्या घरी घडलं.

मी क्लबचा सेक्रेटरी. (चेंडूला कधी पाय लावलेला नाही; पण मीटिंगची टिपणं छान काढतो.) त्या वर्षी कपाच्या इतिहासावर भाषण माझ्याकडे आलं, म्हणून अध्यक्ष ग्रॅहमने कप आठवडाभर माझ्या हवाली केला. इतिहास भव्यच होता! पहिला सामना कुरणात झाला; अर्धा वेळ मेंढ्या हाकण्यात गेला. एकदा नदीला पूर आला, तर कप घोड्यावरून आला. पण आला!

मी तो टेबलावर ठेवून कामावर गेलो. परत येतो तो सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या आईने घट बसवलेले. परातीत माती, मातीत गहू, मधोमध राणीच्या काळातला कप, त्यावर नारळ, वर माळ.

"आई, शनिवारी हा मैदानावर न्यायचाय."

"दसऱ्यापर्यंत घट हलवत नाहीत. एवढं तरी ठाऊक आहे ना?"

मी स्टीलचा तांब्या पुढे केला. तिने तो पाणी प्यायला ठेवून घेतला. पुण्याच्या गुरुजींना फोन लावला. ते आईच्या बाजूने निघाले.

शनिवारी, पाचव्या माळेला, ग्रॅहम कप न्यायला आला. गहू बोटभर वाढले होते. मी घाम पुसत सगळं समजावलं. त्याने टोपी काढली आणि तो म्हणाला, "पुराला जमलं नाही, ते तुझ्या आईने केलं." बक्षीस समारंभ आमच्या घरच्या हॉलमध्येच ठरला.

संध्याकाळी जिंकलेला संघ गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून दारात! आईने सगळ्यांना बागेतल्या नळावर पाय धुवायला लावले. मग ते कार्पेटवर मांडी घालून बसले आणि मी एकही मेंढी न वगळता भाषण केलं. सहा फुटी कप्तानाने कप उचलण्याऐवजी त्याला नमस्कार केला. आईने शेंगदाण्याचा लाडू दिला. त्याने मला सांगितलं, आईंना म्हणावं, कप आम्ही जिंकलोय, दसऱ्यानंतर येऊन नेतो.

मी तसं सांगितलं. आईने कप्तानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाली,

"म्हणजे हा तुझा नव्हे? अरे, आयुष्यात पहिल्यांदा तू काहीतरी जिंकलास म्हणून मी देवापुढे मांडला होता!"