खुर्चीसकट वजन

डायलिसिस केंद्रातल्या तंत्रज्ञ ताईंनी पायथन ही संगणकाची भाषा शिकून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. रुग्णाचं आजचं वजन टाकलं, की मशीनने अंगातलं किती पाणी काढायचं ते तो सांगे. पण वजन टाकायचं काम केंद्रातल्या मदतनीस मावशींकडे, आणि मावशी कधी ‘साठेक’ लिहीत, कधी ‘मागच्यासारखंच’. आकडा सोडून काही आलं की पायथन एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा, फेके, प्रोग्रॅम बंद पडे आणि पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग लागे.

“तुझ्या यंत्राला माझं तोंड बघवत नाही बघ,” मावशी म्हणत, आणि सगळा विभाग हसे.

ताईंना हे हसणं फार लागे. मग त्यांनी अतिशहाणपणा केला. कुठलंही एक्सेप्शन आलं तरी ते मुकाट गिळायचं आणि मागच्या खेपेचं वजन धरून पुढे जायचं. प्रोग्रॅम कधी अडेना. सगळे खूश.

एका सकाळी निवृत्त शिंपीकाका व्हीलचेअरवरून आले. दोन दिवसांच्या जुलाबांनी गालफडं बसलेली. प्रोग्रॅमने मात्र नेहमीइतकंच पाणी काढायला सांगितलं. अशा सुकलेल्या माणसाचं एवढं पाणी काढलं, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतलं असतं.

“मावशी, काकांचं वजन काय टाकलंत?”

“बहात्तर, खुर्चीसकट. तसंच लिहिलंय की.”

मावशींनी खरं तेच लिहिलं होतं, पण ‘खुर्चीसकट’ या शब्दावरचं एक्सेप्शन गिळून प्रोग्रॅमने मागचंच वजन धरलं होतं. ते कुणाच्या कानावर जाऊ नये याची सोय ताईंनीच करून ठेवली होती. त्या धावत खाटेपाशी गेल्या. सिस्टर अजून काकांच्या हातावरची शीर चाचपत होती. सुई टोचलेली नव्हती. ताईंना हायसं वाटलं, आणि त्या तिथल्याच स्टुलावर बसल्या.

काकांचं वजन पुन्हा केलं, त्यातून खुर्चीचं वजा केलं. काढण्याजोगं पाणी जवळजवळ नव्हतंच.

दुपारी ताईंनी ती गिळणारी ओळ काढून टाकली. आता प्रोग्रॅम फक्त आकड्याची चूक पकडतो, साध्या मराठीत सांगतो, ‘नुसता आकडा लिहा, खुर्ची असेल तर तिचं वजन वजा करा’, आणि नीट उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारत राहतो.

पुढच्या खेपेला तो काकांपाशीच अडला.

“पुन्हा हटून बसलंय गं तुझं,” मावशी कुरकुरल्या.

“बसू दे,” ताई म्हणाल्या.

“अहो, किती वेळ ताटकळायचं माणसानं?” काका वैतागले.

“ताटकळा थोडं, काका,” ताई म्हणाल्या. “तुम्ही माझ्यावर चिडताय ना, फार बरं वाटतंय मला.”