सत्तेचाळीसाव्या पानावरचा चहा

किस्से कधी साचतात माहितीये? बोलायला माणूस नसला की! तळवड्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी डॉक्युमेंटेशन लिहितो. आमचा डेटाबेस चाकणच्या कारखान्यांत जातो. तो कसा वापरायचा ते मी लिहायचं आणि कुणी वाचायचं नाही, असं नऊ वर्षं सुरळीत चाललंय. शेजारी प्रिंटर आहे, तो तेवढा अधूनमधून घरघरतो.

*

एकदा एचआरने प्रत्येक टीमचे फोटो काढले. "डॉक्युमेंटेशन टीम, या!" मी गेलो.

फोटोवाला म्हणाला, "बाकीचे येईपर्यंत थांबू."

"आले सगळे," म्हटलं.

*

मॅन्युअलचं सत्तेचाळीसावं पान माझं लाडकं. एका पार्टचे जुने-नवे पाच नंबर एकाच खान्यात यादी करून ठेवलेले असतात. त्यातला एखादा 'बीआरके'ने सुरू होतो का, हे शोधायचं कसं? आधी यादी सुटी करायची, मग एकेक नंबर ताडून बघायचा. तसं न करता 'बीआरके' सरळ अख्ख्या यादीवर आपटलं, तर डेटाबेस चूक दाखवत नाही. मुकाट्याने 'शून्य ओळी' म्हणतो. माणसाला वाटतं, माल नाहीच!

माझ्या शेजारचा डेव्हलपर संकेत ह्यात दोन दिवस अडकला. जगभर फोन केले पठ्ठ्याने. शेवटी मीच पान उघडून दिलं.

"भावा, भारी लिहिलंय रे! कुणी लिहिलंय?"

*

मग मी चिडलो. त्याच पानाच्या मध्यात ओळ घुसडली : 'इथपर्यंत वाचलं असेल, तर लेखकाकडून चहा.' खाली नाव, ऑफिसचा पत्ता. तिघांनी रिव्ह्यू केला. तिघांनीही लिहिलं, 'लुक्स गुड'!

तीन वर्षं एक कप गेला नाही. खोटं कशाला बोलू, टेबलावरचा फोन वाजला की मी अजून दचकतो.

*

त्याच पानावर उदाहरणाला एक यादी लागते. मी परभणीचं आमचं घरच टाकलं, सगळी माणसं एका खान्यात. 'सु'ने सुरू होणारं नाव शोधा. उत्तर : सुमन. सुमन म्हणजे माझी आई.

तिला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मला कशाला कम्प्युटरात घातलंस बाबा? तिथं जेवायला कोण देतं?"

मागच्या वर्षी आई गेली. तेरावं करून कामावर आलो. माझं भादरलेलं डोकं बघून संकेत म्हणाला, "काय राव, तिरुपती का?"

"हो," म्हटलं. काय सांगणार?

नव्या आवृत्तीत यादीतून तिचं नाव काढलं. शोध तसाच ठेवला. उत्तर : शून्य ओळी. रिकामं उत्तर कसं दिसतं, त्याचंही उदाहरण हवंच होतं की. रिव्ह्यू आला, 'लुक्स गुड'. त्या दिवशी मात्र फार एकटं वाटलं. जेवणाचा डबा तसाच आकुर्डीच्या खोलीवर परत नेला.

*

गेल्या बुधवारी गेटवरून फोन. "महाळुंग्याहून एक काका आलेत. तुम्ही चहाला बोलावलंय म्हणतात."

धावतच गेलो. सोपानकाका, तिथल्या एका कारखान्याचे स्टोअरकीपर. हातात पिशवी, पिशवीत सत्तेचाळीसाव्या पानाच्या दोन प्रती, एक जुनी, एक नवी. दोन्हींवर ग्रीसची बोटं.

"ब्रेकचा माल रॅकमंदी दिसतोय अन् कम्प्युटर शून्य म्हनतोय! तुमच्या पानानं घावला बगा. आमी दोनदा वाचलंय, दोन च्या पायजेत!"

हसलो, राव! किती दिवसांनी हसलो. कॅन्टीनमध्ये दोन कप त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी कप बाजूला सारले. दोन्ही पानं शेजारी शेजारी मांडली, चष्मा लावला आणि जुन्या पानावर बोट ठेवलं.

"सायेब, हितं सुमन हाय." बोट नव्या पानावर आलं. "हितं न्हाई."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"कोन व्हत्या त्या?"