आवडाबाईच्या नावापुढचा रकाना

शिरपूर जैनच्या बाजारात आवडाबाईची वांगी दहाच्या आत संपतात. नवरा नथ्थू गेला त्याला सहा वर्षं झाली. सातबारा तिच्या नावावर आहे. एकरभर सोयाबीन, अर्धा एकर वांगी. खुरपण, फवारणी, तोडणी, सगळं तीच करते. फक्त बाईनं तिफण धरायची नाही असा गावचा रिवाज, म्हणून पेरणीच्या दिवशी शेजारच्या इंद्रभानला बोलावते.

मार्चमध्ये तिच्या विहिरीवरची मोटार जळली. वांगी फुलावर होती. कर्जाचा अर्ज भरायला ती माझ्याकडे आली, कारण मी बी.ए. झालेली. कामधंदा काय लिहू, विचारलं.

"घरकाम लिही, उज्ज्वला. पेरणी त इंद्रभान करते."

आणि मी लिहिलं! तिच्या बोटांच्या भेगा समोर दिसत असताना लिहिलं.

बँकेतल्या साहेबांनी तेवढंच वाचलं. हे कर्ज शेतकऱ्यासाठी आहे, सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढवा आणि त्याला घेऊन या, म्हणाले. मुलगा दिनेश पुण्याला कारखान्यात. त्याला वांग्याचं रोप मिरचीपासून ओळखता येत नाही. मी सोबत गेले होते; चूक माझी आहे, खोडून 'शेती' लिहिते म्हणाले, तर साहेब हसले.

"मॅडम, औत कोण हाकतं ते विचारा त्यांना."

"औत एक दिवस चालते साहेब," आवडाबाई म्हणाली. "बाकी वर्षभर वावर काय आपोआप पिकते?"

साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

तिनं वावर मुलाच्या नावावर केलं नाही. डोक्यावरून पाणी आणून वांग्याच्या आठ ओळी जगवल्या. बाकीची उभी वाळली. साहेबांचा राग येतो, पण माझ्या त्या वळणदार अक्षराचा जास्त येतो. माझी सायली बारावीत आहे, शेतीचंच शिकायचं म्हणते. उद्या तिच्या नावापुढे कोण काय लिहील या धास्तीनं आताही डोळा लागत नाही.

जूनमध्ये आवडाबाईनं इंद्रभानचे फक्त बैल मागितले. तिफण स्वतः धरली. बी सोडायला सायली मागे. वावराच्या कडेला धुऱ्यावर माणसं जमली; बैल तुले ओढून राह्यले का तू बैलांले, असं कोणीतरी म्हणालं. ती थांबली नाही. वावरातलं शेवटचं तास पेरून संपल्यावर माझ्याकडे आली.

"आता लिहिशीन ना?"

नवा अर्ज मी लिहिला आहे. पण एवढं करून दाखवायची वेळ तिच्यावर का यावी? दिनेशला तर कोणी काहीच विचारणार नव्हतं.