सासऱ्यांच्या पांढऱ्या पेशी

रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायचं तेजाब मी दुपारच्या जेवणात कांद्यावर ओतून खाल्लं. वास सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, चवही तीच. पातळ केलेलं होतं म्हणून वाचलो. बाटली रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात मीठपाणी भरलं आणि विसरून गेलो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी जालन्याच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचो. दुसऱ्याच दिवशी अंबडहून माझे सासरे बैलगाडीनं आले, सोबत सासूबाई आणि गडी. सासऱ्यांच्या लघवीतून रक्त जात होतं. डॉक्टरसाहेबांनी तपासून सांगितलं, "लघवीच्या पिशवीत गाठ आहे, कॅन्सर वाटतो. उद्या सकाळी चिरून काढू. पण पांढऱ्या पेशी फारच वाढलेल्या निघाल्या, तर मी हात लावणार नाही. आत पू तरी असेल, नाहीतर दुखणं पार पुढं गेलेलं असेल."

सासरवाडीला हुशारी दाखवायचा असा मोका पुन्हा कुठला? मी थाटात सासऱ्यांच्या बोटाला सुई टोचली, बाटलीतल्या पाण्यात रक्त कालवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आत पेशींची जत्रा भरलेली! तेजाबानं तांबड्या पेशी विरतात, पांढऱ्या तेवढ्या उरतात. तेजाब मात्र माझ्या पोटात. मी तांबड्याही पांढऱ्यात धरून मोजत सुटलो. शेवटी तोंड पाडून बाहेर आलो. "लईच वाढल्यात."

सासूबाई मटकन खाली बसल्या. सासरे उठले. "मंग कशाला थांबायचं? मरायचंच हाय तर घरी मरू." गड्याला त्यांनी बैल जुंपायला लावले.

तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, मग बाटली हुंगली.

"यातलं तेजाब कुठं गेलं?"

तेव्हा कुठं मला आठवलं. "जेवलो, साहेब."

साहेब हसता हसता खुर्चीवरून घसरायचेच बाकी राहिले. नवं तेजाब घेऊन त्यांनी स्वतः मोजलं. पेशी जराशा वाढलेल्या होत्या, पण भिण्यासारखं काही नव्हतं. ऑपरेशन ठरल्याप्रमाणं सकाळी!

बैल सोडले. सासूबाई रडत-हसत सगळ्या दवाखान्याला गूळ वाटू लागल्या. मलाही दिला, जरा लहान खडा. डॉक्टरसाहेबांनी सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भीती नाही ना वाटत?"

"तुमची बिलकुल न्हाई, साहेब," सासरे म्हणाले. "फकस्त गाठ निघंपर्यंत आमच्या जावाईबापूंना गोदावरीपल्याड धाडून द्या."