मित्रासाठी मागितलेली नक्कल

आठवीतनं शाळा सोडली आणि गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं गाळायला, कोइमतूरला गेलो. गाव सांगलीकडचं, पण माझा घटस्फोट साताऱ्याच्या कोर्टात झाला. आता दुसरं लग्न जमतंय. मुलीचे वडील म्हणाले, "आधी कोर्टाच्या निकालाची नक्कल दाखवा, मग तारीख धरू." त्यांचं बरोबरच होतं. म्हणून सुट्टी मागून आलो.

नकलेच्या खिडकीपुढं रांग होती. माझ्या मागं आमच्याच भागातली एक म्हातारी, तिच्या शेजारी तिची लेक. त्यांच्यादेखत बोलायची लाज वाटली. मी आतल्या बाईंना हळूच म्हणालो, "मित्राचं काम हाय. त्यो परगावी असतो."

"मग त्यालाच पाठवा. तिऱ्हाइताला अशी नक्कल मिळत नाही."

परतीचं तिकीट उद्या रात्रीचं होतं. मोकळ्या हातानं गेलो असतो तर लग्नच मोडलं असतं.

"मॅडम, त्यो मित्र मीच हाय."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. म्हातारी म्हणाली, "लाजतुयास कशाला रं? ही माझी लेक, हिची बी नक्कलच न्यायची हाय. काढ की आधार कार्ड." त्या दोन शब्दांनी मला लय धीर आला. लेक मात्र खाली बघत होती. मी तिच्यापुढं खोटं बोललो होतो, याची आणखीनच लाज वाटली.

अर्जावर मी माझं नाव इतकं बारीक लिहिलं, की बाईंनी तो परत केला.

"नीट मोठं लिहा. तातडीची नक्कल आहे, उद्या सकाळी घेऊन जा."