बिशप बोकडाचा ढोल

अख्ख्या पोसो वेर्दे गावात बोललं जायचं, की सेनोबिओकाकांचा जीव शेजारच्या विधवा एर्मेलिंदाबाईंवर जडलाय. पुरावा? रविवारी अंगणात चाकारेराचा नाच रंगायचा. सालादो नदीच्या काठी काकांसारखा ढोल कुणी वाजवत नसे. पण बाईंनी नाचायला घागरा सावरला, की काका घसा खाकरून शेजारच्या एखाद्या पोराला म्हणायचे, "तूच धर रे जरा, माझं मनगट भरून आलंय."

प्रेमबिम काही नव्हतं. बोकड होता.

बाईंचा लाडका बोकड. दाढीमुळे त्याला सगळे बिशप म्हणायचे. धुळीच्या वादळात तो काकांच्या गोठ्यात शिरला आणि काकांनी आपलाच समजून कापला. सोलून धूळ झटकली, तर पाठीवर बिशपचा तो पांढरा चांद! तेव्हाच सांगायचं. पण काका बाईंबरोबर काटेरी रानात "बिशऽऽप, बिशऽऽप" करत हिंडले, तेही त्यांच्याहून मोठ्यानं. कातडं मात्र असं दणकट, की त्यांच्यातल्या ढोलकऱ्याला राहवेना; त्यांनी ते ढोलावर चढवलं. आमच्या ढोलाच्या कातड्यावरचे केस काढत नाहीत. चांद तसाच राहिला. ती बाजू काका कायम भिंतीकडे ठेवायचे. चोराच्या मनात चांदणं. काकांच्या तर ते ढोलावरच मढवलेलं.

एकदा मी, त्यांच्या पुतणीनं, सहज बोकडाची नक्कल केली, आणि काकांच्या हातातला चहा सांडला. मग सगळं बाहेर आलं.

"सांगून टाका ना."

"काय सांगू? बाई, तुमचा बिशप चविष्ट होता?"

"तुमच्यानं व्हायचंच नाही. पैज! हरले तर ईस्टरपर्यंत तुमचा गोठा झाडेन."

पुढच्या रविवारी गिटार सुरू झाली, बाई उभ्या राहिल्या, आणि काकांनी ढोल फिरवला. चांद बाईंसमोर. त्यांनी पुढे होऊन केसांवरून हात फिरवला. गिटार थांबली.

"हा माझा बिशप."

"हो, बाई. वादळात चूक झाली. नंतरचं चुकून नाही केलं."

"माझ्याबरोबर शोधत फिरलास!"

"हो."

"आणि मटण?"

"खाल्लं."

"एकट्यानं?"

"गिळवत नव्हतं."

"म्हातारा होता तो, गिळवणार कसं!" बाईंनी रुमालानं नव्हे, त्या चांदावरच डोळे टेकून पुसले. "उचल टिपऱ्या. मी नाचणार, तू वाजवणार. दर रविवारी, चांद माझ्याकडे करून. मनगटाचं नाटक केलंस, तर पुढचं कातडं तुझं."

काका वाजवू लागले, मान खाली घालून. अजूनही बाई नाचतात तेव्हा ती मान वर होत नाही.

मी गोठा झाडतेय. ईस्टर लांब आहे, आणि काका दारातून ओरडतात, "कोपरे राहिले गं!"