धुराड्यातली गोधडी

बाळांनो, तुमची गोधडी अजून का आली नाही, हे फोनवर सांगता येत नव्हतं. तुमचा मामा शेजारीच बसलेला असतो. म्हणून लिहून सांगते.

माझ्या आईची सुती लुगडी आणि तुमच्या आईचे लहानपणचे फ्रॉक, एवढ्यांतून मी ती हाताने शिवली होती. २०२० मध्ये मी इथे, मलिंगार गावात, मामाकडे आले. इथून ऑस्ट्रेलियाला तुमच्याकडे येताना ती आणायची होती; पण विमानंच बंद झाली. गोधडी मी मामाकडे ठेवायला दिली. हिवाळ्यात विचारलं, तर म्हणाला, नीट ठेवलीय. इथे गरम पाण्याच्या टाकीजवळ पांघरुणांचं कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात त्याला. तिथेच असेल असं मी धरून चालले.

बैठकीच्या खोलीत कोळशाची जुनी शेकोटी होती. ती कोणी पेटवत नसे, म्हणून तिच्या कोनाड्यात मी देव मांडले होते. यंदाच्या उन्हाळ्यात मामाने तिथे गॅसची शेकोटी बसवायचं ठरवलं. शोभेची. कोळसे खोटे, जाळ तेवढा खरा. मी देव स्वयंपाकघरात हलवले, कोनाडा पुसला, सोफ्यावर जुन्या चादरी टाकल्या.

बसवायला आलेला माणूस म्हणाला, आधी धुराडं पूर्ण मोकळं हवं, नाहीतर गॅसचा धूर घरात साठेल. त्याने वर हात घालून जोर लावला. काजळीचा लोट खाली आला आणि त्यामागून एक गाठोडं. तो ते कचऱ्याच्या पिशवीत टाकणार, तेवढ्यात मला माझा धावदोरा दिसला.

मामा वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता; त्याला मी तसाच खाली बोलावला.

"आई, वरून वारा यायचा. तुझंच निरांजन विझायचं," तो म्हणाला. "म्हणून कोंबली. नंतर काढायची राहून गेली."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू दिली नसतीस."

"घरात इतक्या रजया आहेत. त्यातली एखादी का नाही कोंबलीस?"

"त्या चांगल्या आहेत गं."

मी गाठोडं उचलून घेतलं. तो माणूस खाली बघत ब्रश फिरवत राहिला. मग त्याने धुराची एक वडी पेटवून पाहिली, धूर सरळ वर गेला, आणि "ग्रँड", म्हणजे झकास, असं म्हणून तो पुढच्या कामाला लागला.

संध्याकाळी मामा-मामी नव्या शेकोटीसमोर बसले. मलाही बोलावलं. मी बाथटबमध्ये गोधडी चोळत होते. पाणी बदलत राहिले, काळं येतच राहिलं. मधला मोठा डाग अजून आहे आणि काजळीचा वासही पुरता गेलेला नाही. मामा म्हणतो, अशी नको पाठवूस, मुलांना नवीन मागवून देतो.

तीच येणार आहे. उद्या तो स्वतः ती पोस्टात नेऊन देईल. डाग कसला, ते मामालाच विचारा, आणि मी समोर बसलेली असताना विचारा.